चित्रशाळेबाहेरचे चित्रकार: पाटनगढ ते न्यूयॉर्क

जबलपूरहून कटनीच्या रस्त्याला लागले की पंधरा-सोळा किलोमीटरवर पनागर येते. हिवाळ्यात या पट्ट्यात मटाराच्या गोण्यांनी लादलेल्या गाड्या दिसतात. न्यूयॉर्कच्या चित्रबाजाराशी या गावाचा संबंध कोणी जोडणार नाही आणि थेट संबंध नाहीही. पण गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत आर्ट स्कूलची पायरी न चढता ज्या भारतीय चित्रकारांनी परदेशातल्या मोठ्या दालनांत जागा मिळवली, त्यांतले बरेच जण पनागरपासून एका दिवसाच्या प्रवासाच्या टापूतले आहेत. त्यांची चित्रे कोणत्या मेळ्यांत पोचली, कशी पोचली आणि पैसा कोणाच्या हाती पडला, याची ही माहिती.

मेळ्यांची सुरुवात

फ्रेंच चित्रकार ज्याँ द्युब्युफे याने १९४५ पासून मनोरुग्णालये, तुरुंग आणि आडगावे धुंडाळून चित्रे गोळा केली. कुठलेही शिक्षण न घेतलेल्या, कुणाला दाखवायचे म्हणूनही न काढणाऱ्या माणसांची ही चित्रे होती. या प्रकाराला त्याने 'आर्ट ब्रूत' म्हटले. हा संग्रह पुढे स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहराला मिळाला आणि १९७६ मध्ये तिथे त्याचे संग्रहालय झाले. त्याआधी १९७२ मध्ये रॉजर कार्डिनल या इंग्रज अभ्यासकाचे 'आउटसायडर आर्ट' हे पुस्तक आले आणि तेच नाव बाजारात रुळले.

याच कामाचा स्वतंत्र मेळा, म्हणजे आउटसायडर आर्ट फेअर, न्यूयॉर्कमध्ये १९९३ साली सॅनफर्ड स्मिथ यांनी सुरू केला. सोहो भागातल्या पक बिल्डिंगमध्ये तो भरायचा. २०१२ मध्ये अँड्र्यू एडलिन या गॅलरीवाल्याने तो विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी पॅरिसलाही त्याची आवृत्ती भरवली. मेळ्याची रचना साधी असते. गॅलऱ्या भाडे भरून गाळे घेतात, भिंती सजवतात आणि प्रेक्षक तिकीट काढून आत येतात. पहिल्या दिवशी संग्राहक, मग बाकीचे जग.

गाळ्यात कोण असते

बहुतेक वेळा चित्रकार नसतोच. अनेकदा तो हयातही नसतो. हेन्री डार्गर हा शिकागोच्या इस्पितळांत झाडूकाम करायचा. त्याच्या खोलीत पंधरा हजारांवर पानांची सचित्र कादंबरी सापडली ती १९७३ मधल्या त्याच्या मृत्यूच्या जरा आधी, घरमालकाला. बिल ट्रेलर गुलामीत जन्मला आणि वयाच्या पंच्याऐंशीच्या सुमारास माँटगोमेरीच्या फुटपाथवर बसून पुठ्ठ्यांवर चित्रे काढू लागला. मार्टिन रामिरेझ हा मेक्सिकन मजूर कॅलिफोर्नियातल्या मनोरुग्णालयात वर्षानुवर्षे होता. त्याची चित्रे कचऱ्यात जायची, ती टार्मो पास्तो या मानसशास्त्रज्ञाने जपून ठेवली म्हणून आज आहेत.

या सगळ्या कहाण्यांत एक माणूस ठरलेला आहे: चित्र पहिल्यांदा पाहणारा आणि उचलणारा. घरमालक, डॉक्टर, शेजारी, गॅलरीवाला. मेळ्यात त्याचे नाव बारीक अक्षरांत असते, पण तो नसता तर मेळाच भरला नसता. चांगल्या अर्थाने आणि वाईटही.

या मेळ्यांवरचा माझा एक आक्षेप मात्र कायम आहे. चित्राखालची चिठ्ठी वाचली तर निम्म्याहून अधिक मजकूर चित्रकाराच्या दुःखाचा असतो: वेड, कैद, दारिद्र्य, मूकपणा. रेषेबद्दल, रंगाबद्दल दोन ओळी. गिऱ्हाईक आधी कहाणी वाचते आणि मग चित्राकडे मान वळवते.

पाटनगढ: एक मराठी माणूस आणि एक मारुती

आता आपल्या मुलखात येऊ. पनागरच्या पूर्वेला, जबलपूरपासून कुंडम-शहापुरामार्गे दिंडोरी ओलांडून अमरकंटकच्या बाजूला निघाले की पाटनगढ लागते. पूर्वी हे मंडला जिल्ह्यात होते. दिंडोरी जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला. हे परधान गोंडांचे गाव. परधान म्हणजे गोंडांचे भाट. 'बाना' नावाचे तंतुवाद्य घेऊन यजमानांच्या घरी जायचे, बडादेवाची आणि वंशाची गाणी गायची, बिदागी घ्यायची. बडादेवाचे ठाणे साजाच्या झाडात असते. आपल्याकडे त्याच झाडाला ऐन म्हणतात.

या गावाकडे बाहेरच्या जगाचे लक्ष पहिल्यांदा गेले त्यात एक मराठी नाव आहे. शामराव हिवाळे पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून व्हेरियर एल्विन यांच्याबरोबर १९३२ मध्ये मंडल्याच्या जंगलात आले. एल्विन यांचे नाव जगभर झाले. त्यांची पत्नी लीला याच पाटनगढची. पण दवाखाना, शाळा, रोजचा व्याप यांत हिवाळे अधिक बुडालेले असत आणि एल्विन शिलाँगला गेल्यावरही ते याच भागात राहिले. १९४६ मध्ये त्यांनी परधानांवर इंग्रजीत एक ग्रंथ प्रसिद्ध केला. मराठी वाचकांना हे नाव फारसे माहीत नाही याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

चित्रांची गोष्ट त्यानंतर बऱ्याच वर्षांनी सुरू झाली. भोपाळला चार्ल्स कोरिया यांनी रचलेले भारत भवन उभे राहत होते. त्याच्या 'रूपंकर' या कलासंग्रहालयाचे प्रमुख होते चित्रकार जगदीश स्वामीनाथन. शहरी चित्रकार आणि आदिवासी चित्रकार एकाच छताखाली, बरोबरीने मांडायचे असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी त्यांनी विद्यार्थ्यांच्या तुकड्या गावोगाव धाडल्या. १९८१ मध्ये एका तुकडीला पाटनगढच्या एका घराच्या भिंतीवर मारुती दिसला. तो रंगवला होता विशीच्या उंबरठ्यावरच्या जनगढ सिंह श्याम यांनी. मोलमजुरी करणारे हे जनगढ भोपाळला आले आणि १३ फेब्रुवारी १९८२ रोजी भारत भवनाचे उद्घाटन झाले त्या सुमारास त्यांची चित्रे तिथे लागली.

गावात बायका चुहीची पांढरी माती, गेरू, रामरजची पिवळी माती आणि कोळसा यांनी जमिनीवर आणि भिंतींवर 'डिगना' काढतात. जनगढ यांनी मातीऐवजी पोस्टर कलर घेतले, भिंतीऐवजी कागद घेतला आणि गाण्यातले देव, हरणे, मगरी, साप त्यावर आणले. आकृतीच्या पोटात त्यांनी ठिपक्यांच्या आणि बारीक रेषांच्या ओळी इतक्या दाट भरल्या की जनावर जागच्या जागी थरथरते आहे असे वाटावे. गावच्या भिंतीवर असे काही नव्हते. ही त्यांची स्वतःची शोधलेली रीत होती. हिंदी लेखक उदयन वाजपेयी यांनी तिला 'जनगढ कलम' म्हटले. आज ज्याला सरसकट 'गोंड पेंटिंग' म्हणून विकतात ते मुख्यतः या एका माणसाच्या हातातून निघाले आहे.

भोपाळच्या त्यांच्या घरी नात्यातली मुले येऊन राहू लागली. भज्जू श्याम हे पुतणे. आधी त्यांनी रात्रपाळीची राखणदारी आणि विजेची कामे केली, मग काकांच्या चित्रांत बारीक भरण करता करता ते चित्रकार झाले. लंडनच्या एका भारतीय उपाहारगृहाच्या भिंती रंगवायला ते गेले आणि परतल्यावर चेन्नईच्या तारा बुक्सने २००४ मध्ये 'द लंडन जंगल बुक' काढले. त्यात बिग बेनचे घड्याळ कोंबडा झाले आहे, भुयारी रेल्वे गांडूळ झाली आहे आणि रोजची बस इमानी कुत्रा. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या जोडप्याने 'भीमायन' (नवयान, २०११) या चित्रग्रंथात बाबासाहेब आंबेडकरांचे आयुष्य रंगवले. चौकटीचौकटींत पात्रे कोंडणार नाही असे त्यांनी आधीच सांगितले होते. म्हणून पाने डिगन्याच्या वळणदार पट्ट्यांनी विभागली आहेत. मायेचे बोलणे पक्ष्याच्या आकारात येते आणि विखारी बोलण्याला विंचवाची नांगी आहे. महाडच्या तळ्याची गोष्ट परधानाच्या हाताने अशी रेखली गेली, हे मराठी घरात तरी पोचायला हवे होते. दुर्गाबाईंना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

जपान

१९८९ मध्ये पॅरिसला 'मॅजिसियां द ला तेर' हे गाजलेले प्रदर्शन झाले. ज्याँ-ह्युबेर मार्तां यांनी शंभरावर कलावंत जमवले होते. निम्मे पाश्चात्त्य, निम्मे बाकीच्या जगातले. त्यात जनगढ होते. भोपाळच्या विधानभवनाच्या भिंतीही त्यांनी रंगवल्या.

आणि तरीही २००१ च्या जुलैमध्ये जपानच्या तोकामाची इथल्या मिथिला म्युझियममध्ये कामासाठी गेले असताना त्यांनी आपले आयुष्य संपवले. वय चाळिशीच्या आत. घरी परत यायचे आहे अशा आशयाची पत्रे त्यांनी तिथून लिहिली होती. भारतातल्या चित्रकारांनी तेव्हा जाब विचारला: कराराच्या अटी काय होत्या, मोबदला किती होता, परतीचे कोणाच्या हातात होते? मेळ्यांच्या आणि निवासी कार्यशाळांच्या चकचकीत पत्रकांपुढे हे प्रश्न आजही तसेच ठेवता येतात. त्यांच्या मुलीचे नाव जपानी. वडिलांच्या आधीच्या जपान भेटीवरून ठेवलेले. त्याही चित्रकार आहेत.

उमरियाच्या जोधैयाबाई

जबलपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या गाड्या पनागरवरून कटनीचा वळसा घेत उमरियाला पोचतात. तिथल्या लोढा गावच्या जोधैयाबाई बैगा यांनी आयुष्यभर मजुरी केली आणि सत्तरीला टेकल्यावर ब्रश हातात घेतला. आशिष स्वामी या चित्रकाराने गावातच 'जनगण तस्वीरखाना' थाटला होता, तिथे त्या शिकल्या. शिकल्या म्हणजे सामान आणि जागा मिळाली. वाघ, मोर, मोहाचे झाड त्यांनी आपल्या मनाप्रमाणे काढले. २०१९ मध्ये त्यांची चित्रे इटलीत मिलानला लागली, २०२३ मध्ये पद्मश्री आली आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्या गेल्या. बिल ट्रेलरची कहाणी सांगताना न्यूयॉर्कवाले थकत नाहीत. आपल्याकडेही तशीच कहाणी होती आणि तिच्या नायिकेला हयातीत सन्मान मिळाला.

सोनाबाई: खऱ्या अर्थाने एकटी

जनगढ किंवा जोधैयाबाई यांना 'बाहेरचे' म्हणणे मला पटत नाही. ते आपल्या समाजाच्या अगदी आतले. मुंबई-पॅरिसच्या दारातून पाहिले तरच बाहेरचे. द्युब्युफेच्या व्याख्येत चपखल बसतील अशा एकच बाई मला आठवतात: सरगुजातल्या पुहपुत्रा गावच्या सोनाबाई रजवार. नवऱ्याने त्यांना सुमारे पंधरा वर्षे घराबाहेर जाऊ दिले नाही. खेळणी नाहीत म्हणून त्यांनी मुलासाठी मातीची चित्रे घडवली आणि उन्हाची तलखी कमी व्हावी म्हणून बांबूच्या कामट्यांवर माती लिंपून गोल-गोल जाळ्या बनवल्या. जाळीत पक्षी, माकडे, नाचणारी माणसे बसवली. शिकवायला कोणी नव्हते, बघायलाही नव्हते. १९८३ मध्ये भारत भवनची माणसे तिथे पोचली आणि घराच्या आतले काम संग्रहालयात गेले. पुढे अमेरिकेत सॅन डिएगोच्या मिंगेई संग्रहालयाने २००९ मध्ये त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले. तोवर त्यांचे निधन झाले होते.

गंजाड: दुसरा मराठी मध्यस्थ

वारली चित्रांची वाटही अशीच एका माणसाने उघडली. भास्कर कुलकर्णी. बिहारच्या दुष्काळात पुपुल जयकर यांनी त्यांना मधुबनीला पाठवले होते. भिंतीवरची चित्रे कागदावर काढा, विकता येतील, असे त्यांनी तिथल्या बायकांना सांगितले. नंतर ते डहाणूकडे वळले. तिथे लग्नाचा चौक सुवासिनी काढत: गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, मधोमध पालघट देवी. गंजाडच्या कळंबीपाड्यावरचे जिव्या सोमा म्हसे पुरुष असून रोज चित्रे काढत. लहानपणी आई गेल्यावर ते कित्येक वर्षे बोलले नव्हते, धुळीत चित्रे काढून सांगायचे, असे सांगतात. लग्नाची वाट न पाहता ते मासेमारी, मुंग्यांची वारुळे, झाडावरचा मध असे काहीही काढायचे.

१९७५ मध्ये मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये केकू गांधी यांनी त्यांचे प्रदर्शन केले. मॅजिसियांमध्ये जनगढ यांच्याबरोबर म्हसेही होते. २००३ मध्ये ड्युसेलडॉर्फला इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग आणि म्हसे यांचे एकत्र प्रदर्शन झाले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. कुलकर्णी मात्र १९८३ मध्येच, फारसे कोणाला न कळता गेले.

आपल्याकडे हे काम विकते कुठे

न्यूयॉर्कसारखे एकच ठिकाण नाही. काम अनेक बाजारांत विखुरले आहे आणि प्रत्येक बाजारात त्याच चित्राची पत वेगळी ठरते.

दिल्लीचा इंडिया आर्ट फेअर २००८ मध्ये सुरू झाला. तिथे गाळा गॅलरीचा असतो, चित्रकार पाहुणा असतो. अलीकडे गोंड आणि वारली कामालाही तिथल्या भिंतींवर जागा मिळते. मुंबईत २०११ पासून भरणाऱ्या इंडिया आर्ट फेस्टिव्हलमध्ये चित्रकार स्वतःच गाळा भाड्याने घेऊ शकतो. स्वतः शिकलेल्या, गॅलरी नसलेल्या माणसाला हे दार उघडे आहे, पण भाडे आगाऊ भरायचे असते आणि एकही चित्र विकले गेले नाही तरी ते परत मिळत नाही. काळा घोडा महोत्सव, सूरजकुंडचा मेळा, ट्रायफेडचा आदि महोत्सव इथे माणूस गर्दीपुढे बसतो. विक्री होते, पण छोट्या कागदांची, पिशव्यांची, कीचेनची. चित्रकाराला तिथे कारागीर म्हणून बसवलेले असते आणि गिऱ्हाईक घासाघीस करते. तेच चित्र दिल्लीच्या पांढऱ्या भिंतीवर लागले की घासाघीस करायची कोणाची छाती होत नाही.

मला सर्वांत आवडते ती भोपाळच्या जनजातीय संग्रहालयाची रीत. २०१३ मध्ये उघडलेल्या या संग्रहालयात 'लिखंदरा' नावाचे दालन आहे. तिथे 'शलाका' या नावाने दर महिन्याला एका आदिवासी चित्रकाराचे प्रदर्शन लागते आणि चित्रे विकतही घेता येतात. गर्दी नाही, भाड्याचा बोजा नाही, एकावेळी एकच माणूस.

पैसे आणि कायदा

गॅलरीतून चित्र विकले गेले तर साधारण निम्मी रक्कम गॅलरी ठेवते. यात गैर काही नाही. जागा, विमा, वाहतूक, छापील सूची यांचा खर्च तीच करते. गैर तेव्हा होते जेव्हा चित्रकाराला विकलेली किंमतच कळत नाही.

२०१० मध्ये न्यूयॉर्कला सदबीच्या लिलावात जनगढ यांचे कोळ्याचे चित्र ३१,२५० डॉलरला गेले. आदिवासी चित्रकाराच्या कामाला तेव्हा हा भाव नवलाचा होता. तुलनेसाठी: नॅशव्हिलचा स्वशिक्षित पाथरवट विल्यम एडमंडसन याचे 'बॉक्सर' हे शिल्प २०१६ मध्ये ७,८५,००० डॉलरला विकले गेले.

अशा फेरविक्रीत मूळ चित्रकाराला वाटा मिळावा अशी तरतूद आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५३ अ मध्ये आहे. किंमत दहा हजारांच्या वर असेल तर हा हक्क लागतो आणि वाटा जास्तीत जास्त दहा टक्के. परदेशातल्या लिलावाला ही तरतूद पोचत नाही, आणि देशातही तिचा आधार घेतलेला क्वचितच ऐकू येतो.

त्याहून उपयोगाची गोष्ट: चित्र विकले म्हणून त्याचा कॉपीराइट विकला जात नाही. तो लेखी करारानेच जातो. तेव्हा दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर, साडीवर किंवा कपावर ते चित्र छापायचे तर वेगळी परवानगी लागते. वारली चित्रांना २०१४ मध्ये आणि मध्य प्रदेशच्या गोंड चित्रांना २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने त्या नावाचा बाजारातला वापर राखला जातो. एखाद्या चित्रकाराच्या विशिष्ट आकृतीची नक्कल थांबवायची तर पुन्हा कॉपीराइटकडेच यावे लागते.

गाळ्यासमोर उभे राहिल्यावर

चित्र कोणी काढले हे विचारा. 'गोंड आर्टिस्ट' हे उत्तर पुरे नाही, नाव हवे. भरणाचा नमुना निरखून पाहा. या परंपरेत प्रत्येक चित्रकाराचा भरण वेगळा असतो. कोणाचे ठिपके, कोणाच्या चंद्रकोरी, कोणाचे धान्याचे दाणे. दोन-तीन चित्रे पाहिली की तो ओळखू येतो. छापील प्रत असेल तर ठिपक्यावर बोट फिरवून रंगाचा उंचवटा लागत नाही. गाळेवाला हात लावू देत नसेल तर चित्र तिरपे धरून उजेडात पाहावे.

मागच्या बाजूला सही, वर्ष आणि गाव लिहून घ्या. पावतीवर चित्रकाराचे नाव येऊ द्या. गाळ्यात चित्रकार स्वतः असेल तर कहाणीऐवजी चित्राबद्दल विचारा: हे झाड कोणते, हा प्राणी इथे कशाला, हा भरण कुठून सुचला. या प्रश्नांना उत्तर द्यायला बहुतेक जण खुर्चीतून उठून चित्रापाशी येतात.

पनागरच्या माणसाला तर मेळ्यापर्यंत जायचीही गरज नाही. दिंडोरीची बस जबलपूरहून मिळते. पाटनगढला आज घरोघरी चित्रे काढली जातात आणि ओट्यावर मांडून दाखवलीही जातात. तिथे किंमत चित्रकार सांगतो आणि पैसे त्याच्याच हातात पडतात.